आजोबांची लॉगबुकं, आजीचा दिवाळसण आणि काकांचा हट्ट

सोनटक्का
मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमान चालवायचे. युद्ध संपल्यावर गणवेश उतरवला, नागरी विमान कंपनीत लागले, लग्न केलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत प्रवासी विमानं चालवली. आम्ही नातवंडांनी त्यांच्यावर घरातल्या घरात वाटायला एक पुस्तिका करायची ठरवली आहे. ठरवलं तेव्हा सोपं वाटलं होतं.

आता घरात तीन पक्ष पडलेत. काकांना शौर्यगाथा हवी. मुखपृष्ठावर विमान, आत धडाधड गोळीबार. आत्याला 'कुटुंबवत्सल बाबा' हवेत : वेण्या घालून देणारे, परीक्षेच्या दिवशी शाळेपर्यंत सोबत येणारे. माझे बाबा म्हणतात, काहीच करू नका, त्यांना स्वतःबद्दल बोललेलं आवडायचं नाही.

आणि ते खरंच आहे. युद्धाबद्दल विचारलं की आजोबांचं एकच उत्तर : "डास फार होते." बास. पुढे चहा.

हाताशी आहे ते असं : दोन लॉगबुकं, तीन पदकं, एका विमानापाशी उभ्या आठ-दहा तरुणांचा फोटो (मागे नावं नाहीत), आणि आमच्या आठवणी. लॉगबुकातलं मला निम्मंही कळत नाही. तर प्रश्न दोन. एक, ही वही वाचायची कशी? दोन, जो माणूस आपणहून काही बोलला नाही त्याच्याबद्दल आपण किती लिहावं?

---

पोटमाळा
आधी स्कॅन करा, मग भांडा.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, आधी कोणी लावली असेल तर ओढून काढू नका. पान सपाट होत नसेल तर वही दाबायची नाही, वरून फोटो काढायचा. फोटोमागे पेनने लिहायचं नाही. हे सगळं आमच्या घरी झालंय म्हणून सांगतोय.

---

विंगको_निवृत्त
सोनटक्का, मी हवाई दलात मालवाहू विमानांवर नॅव्हिगेटर होतो. वैमानिक नव्हे, पण लॉगबुक आम्हालाही असायचं. तुमच्या आजोबांच्या काळची वही ब्रिटिश नमुन्याची असणार.

डावीकडे तारीख, मग विमानाचा प्रकार आणि क्रमांक, मग वैमानिक कोण (स्वतः असेल तर 'सेल्फ'), दुसरा वैमानिक किंवा प्रवासी, आणि त्यानंतर 'ड्यूटी' हा रकाना. सगळी गंमत याच रकान्यात. उजवीकडे तास : दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. रात्रीची उड्डाणं लाल शाईत लिहायची पद्धत होती, त्यामुळे पान उघडताच नजरेत भरतात.

ड्यूटीच्या शेवटी 'डीसीओ' दिसलं तर काम पार पडलं. 'डीएनसीओ' असेल तर पार पडलं नाही, आणि बहुतेकदा पुढे कारण : हवामान, इंजिन, रेडिओ. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि तिच्याखाली वरिष्ठांच्या सह्या. मधूनमधून वार्षिक शेराही सापडेल, 'ॲव्हरेज' किंवा 'अबव्ह ॲव्हरेज'. 'ॲव्हरेज' बघून नातवंडांनी हिरमुसू नये. त्या शेऱ्यावर आयुष्य काढलेले उत्तम वैमानिक मी पाहिलेत.

१९४४ मधलं एखादं पान इथे उतरवून द्या. बघू या काय निघतं.

---

खवचट
"डास फार होते" हे मुखपृष्ठावर घ्या. घरातले तिन्ही पक्ष गप्प बसतील.

---

सोनटक्का
@पोटमाळा, स्कॅनिंग आजच सुरू केलं. @खवचट, हे शीर्षक बाबांना सांगितलं, ते खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

@विंगको काका, १९४४ चा एप्रिल-मे बघितला. बहुतेक ओळी सारख्याच : हरिकेन, सेल्फ, 'टॅक-आर', मग जागेचं नाव. टिड्डिम रोड, काबाव व्हॅली. बऱ्याच ठिकाणी 'वीव्हर' असं लिहिलंय. तळ इंफाळ. पावसाळ्यात डीएनसीओ खूप आहेत. खालची सही म्हणजे नुसता फराटा.

आणि हो, काकांचं म्हणणं असं की आजोबांनी तीन जपानी झीरो विमानं पाडली आणि त्यांना वीरचक्र मिळालं. वहीत मला तसं कुठे दिसलं नाही. काका म्हणतात, गुप्त असेल.

---

विंगको_निवृत्त
एप्रिल-मे १९४४, इंफाळ, हरिकेन, टॅक-आर. हे मला तरी नंबर १ स्क्वाड्रनचं वर्णन वाटतंय. तेव्हा त्यांचे कमांडिंग ऑफिसर स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग होते, तेच पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दल प्रमुख आणि २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. त्यांना जून १९४४ मध्ये माउंटबॅटननी तिथेच येऊन डीएफसी हे शौर्यपदक दिलं. पण स्क्वाड्रनचा आकडा वहीत कुठेतरी लिहिलेला असतोच. तो सापडल्याशिवाय छापू नका.

टॅक-आर म्हणजे टेहळणी. जंगलावरून खाली उतरून उडायचं, जपानी फौजा, ट्रक, बैलगाड्या, नवे पूल, झाडीखाली लपवलेले साठे शोधायचे आणि परत येऊन नेमकं कुठे काय दिसलं ते सांगायचं. विमानं जोडीने जायची. एक जण खाली बघणार. दुसरा मागे डावी-उजवीकडे फिरत फक्त आकाशाकडे लक्ष ठेवणार, कारण शत्रूचं लढाऊ विमान आलं तर खाली बघणाऱ्याला ते दिसणारच नाही. हा दुसरा म्हणजे वीव्हर. त्याने काय पाहिलं याचा अहवाल निघत नाही. त्याचं काम चोख झालं तर सांगण्यासारखं काही घडतच नाही.

मार्चअखेरपासून २२ जूनपर्यंत इंफाळचा जमिनीवरचा रस्ता तुटलेला होता. धान्य, दारूगोळा, पेट्रोल, औषधं, सगळं विमानाने येत होतं. त्या वेढ्याच्या आत राहून हे लोक उडत होते. तेव्हा डास फार असणार यात शंका नाही.

---

अभ्यासू_अण्णा
काकांसाठी दोन गोष्टी, राग मानू नये.

वीरचक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीसाठी लागू केलं. १९४४ च्या इंफाळसाठी ते मिळणं शक्य नाही. त्या काळात वैमानिकाला मिळायचं ते डीएफसी : चांदीचा क्रॉस, फितीवर पांढरे-जांभळे तिरपे पट्टे.

दुसरं, झीरो हे जपानी नौदलाचं विमान. ब्रह्मदेशात मुख्यतः जपानी भूदलाची विमानं होती, त्यातलं नेहमी भेटणारं 'ऑस्कर', म्हणजे की-४३. दिसायला बरंचसं तसंच, त्यामुळे लोक सरसकट झीरो म्हणायचे. पण टेहळणीच्या हरिकेनचं काम शत्रूशी झुंजत बसणं नव्हतं. माहिती घेऊन जिवंत परतणं हे काम.

पदकं कशी दिसतात?

---

सोनटक्का
दोन सहा टोकांच्या ताऱ्यांसारखी, तपकिरी धातूची. एकाची फीत गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा, बाजूला नारिंगी. तिसरं गोल, त्यावर राजाचं डोकं आणि मागे सिंह कशावर तरी उभा आहे.

---

अभ्यासू_अण्णा
निळी-लाल-नारिंगी म्हणजे बर्मा स्टार. दुसरा तारा १९३९-४५ स्टार असणार. गोल ते वॉर मेडल. सिंह उभा आहे तो दुतोंडी ड्रॅगनवर. तिन्ही सेवेची पदकं आहेत, शौर्याची नव्हेत. पण बर्मा स्टार घरबसल्या मिळत नव्हता हे काकांना जरूर सांगा.

---

कोल्ह्या
एक कटू प्रश्न विचारतो. त्याच इंफाळला पलीकडच्या बाजूने आझाद हिंद सेना येत होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला त्यांनी झेंडा फडकवला. म्हणजे तुमचे आजोबा आकाशातून ज्यांच्यावर नजर ठेवत होते त्यांत आपलेही होते. पुस्तिकेत हे येणार का? की फक्त 'शूर वैमानिक' म्हणून भागवणार?

---

तिखटमीठ
झालं, सुरू. पॉपकॉर्न घ्या.

---

मृदगंधा
@कोल्ह्या, प्रश्न चुकीचा नाही, रोख चुकीचा आहे. आमच्याच घरात १९४२ ला थोरले आजोबा चळवळीत तुरुंगात होते आणि धाकटे सैन्यात. दोघांची आई एकच. ती एकाला तुरुंगात लाडू पाठवायची, दुसऱ्याला छावणीत. पुढे दोघे भाऊ एकमेकांशी राजकारण सोडून सगळ्यावर बोलत. आज आपण कुणालातरी गुण द्यायला बसलोय, त्यांना तेव्हा पेपरच वेगळा आला होता.

आणि वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला विमान उडवायला मिळतंय, हे कारण फार छोटं समजू नका. सगळेच विचारधारा तपासून भरती झाले नव्हते.

---

कोल्ह्या
मान्य. पण उल्लेख हवाच. गाळलं तर ती शोभेची पुस्तिका होईल.

---

प्रशासक
धाग्याचा विषय एका कुटुंबातल्या माणसाची आठवण हा आहे. आझाद हिंद सेनेचा वाद इतरत्र भरपूर झालाय, इथे नको. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

सोनटक्का
@कोल्ह्या, उल्लेख करणार. आजोबांना याबद्दल काय वाटायचं ते आम्हाला माहीत नाही, तेव्हा त्यांच्या तोंडी काही घालणार नाही. पण पलीकडे कोण होतं हे लिहीन.

---

छावणीतली_मुलगी
बरेच दिवस इथे नुसती वाचते. आज लिहिते.

माझे वडील १९७१ मध्ये वैमानिक होते. ते परत आले, आधीच सांगते. आम्ही पश्चिम सीमेजवळच्या तळावर राहायचो. खिडक्यांना आतून काळे कागद, संध्याकाळनंतर दिवा नाही. मुलांना वाटायचं सुट्टी लागलीय. आयांना काय वाटायचं ते मला मोठं झाल्यावर कळलं. दुपारी स्टेशन कमांडरांच्या पत्नी गाडीतून कॉलनीत आल्या की सगळ्या बायका आपापल्या दारामागे उभ्या. गाडी कुठल्या घरासमोर थांबते एवढंच बघायचं. आपलं घर मागे टाकून गेली की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग सुटल्यासारखं वाटलं म्हणून आईला रात्रभर झोप यायची नाही, कारण गाडी कुणाकडे तरी थांबलेली असायचीच.

बाबा घरी अतिशय हळवे, आमच्यावर जीव टाकणारे. पण मोठा आवाज झाला की त्यांचा चेहरा क्षणभर अनोळखी व्हायचा. आई लगेच काहीतरी फालतू विषय काढायची, दुधाचा, धोब्याचा. आम्हाला वाटायचं आईला गांभीर्य नाही.

तुमच्या आत्यांना म्हणावं, 'कुटुंबवत्सल' जरूर लिहा. पण त्यांचं घर त्यांना तसं राहता यावं म्हणून कुणी सांभाळलं, तेही लिहा. हा सगळा धागा वाचला. आजी कुठे आहेत यात?

---

मृदगंधा
हा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ.

आणि ज्यांचे आलेच नाहीत ते? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानवरच्या मोहिमेतून परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्यांनी पुढची कितीतरी दशकं शोध सोडला नाही. सरकारी यादीतल्या ५४ बेपत्ता जणांच्या घरच्यांना तर आठवण लिहायची की वाट बघायची हेच ठरवता आलं नाही.

---

विंगको_निवृत्त
@छावणीतली_मुलगी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सोनटक्का, इंफाळच्या काळातलेही असे अनेक आहेत. ब्रह्मदेशच्या जंगलात पडलेली कित्येक विमानं सापडली नाहीत. ज्यांना कबर नाही अशा हवाई दलाच्या लोकांची नावं सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकाच्या भिंतींवर आहेत. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. तुमच्या फोटोतल्या मुलांची ओळख पटली तर तिथे एकदा बघा. आजोबांच्या वहीत दुसऱ्या कुणाबद्दल काही ओळ आहे का?

---

सोनटक्का
आहे. एकाच ठिकाणी. ड्यूटीच्या रकान्यात 'टॅक-आर, वीव्हर', पुढे एक आडनाव आणि 'मिसिंग'. त्याच्याखालची ओळ दुसऱ्या दिवसाची, तसंच उड्डाण, डीसीओ. आडनाव इथे देत नाही.

---

पोटमाळा
.

(टिंब मुद्दाम दिलंय. काय लिहिणार.)

---

तिखटमीठ
विषय हलका करण्याबद्दल क्षमा, पण या पिढीचे पायलट घरातही चेकलिस्ट चालवायचे हे खरं का? शेजारी एक निवृत्त कॅप्टन राहायचे. लग्नाला निघताना दारात उभे राहून मोठ्याने : "गॅस?" आतून काकू : "बंद!" "नळ?" "बंद!" "मागचं दार?" "अहो चला आता, अक्षता पडतील तिकडे!"

---

सोनटक्का
अगदी अगदी! आमच्याकडे उत्तर "चेक" असंच द्यावं लागायचं. "हो" म्हटलं तर पुन्हा विचारायचे. शिवाय गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर. बस असली तरी.

---

खवचट
एसटीभोवती चक्कर मारणारा प्रवासी बघून कंडक्टरचं काय होत असेल!

---

नागपुरी_तडका
सोनटक्का, एक सांग बाप्पा, आजोबा कधी 'रात्रीची डाक' चालवायचे काय? माझे वडील टपाल खात्यात, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रपाळी करायचे.

१९४९ मध्ये सुरू झालं हे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला जमायची. धावपट्टीलगत टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, ज्या गावची त्या विमानात. मग चारही आपापल्या गावी परत. रात्री मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. प्रवासीही असायचे, पेंगत बसलेले. वडील म्हणायचे, रात्री दोन वाजता सोनेगावात जेवढी वर्दळ तेवढी दिवसा नसे.

---

सोनटक्का
@नागपुरी_तडका, दुसऱ्या लॉगबुकात पानंच्या पानं लाल शाई आहे! मला वाटलं शाई संपली असेल. मुंबई-नागपूर, नागपूर-मुंबई, जवळपास तीन-तीन तास.

आणि आता कळतंय. आजीचं माहेर नागपूर. आत्या सांगते, पणजी सोनेगावला कुणाच्या तरी हाती पिशवी पाठवायची आणि सकाळी आजोबा विमानातून संत्री घेऊन घरी यायचे. आम्हाला ही आत्याची थाप वाटायची.

---

खवचट
म्हणजे देशाच्या टपालासोबत सासूबाईंची पिशवी. हे शौर्यगाथेत घ्यायचं की कुटुंबवत्सलमध्ये?

---

अभ्यासू_अण्णा
दुसरं लॉगबुक आहेच, तर १९४७ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. २७ ऑक्टोबरपासून श्रीनगरला सैन्य उतरवलं, त्यासाठी हवाई दलाची डाकोटा पुरेशी नव्हती. खासगी कंपन्यांची विमानं आणि त्यांचे वैमानिकही कामाला लावले होते. त्यांत युद्धातून नुकतेच बाहेर पडलेले बरेच होते. श्रीनगरला तेव्हा धड धावपट्टी नव्हती, धुळीची जागा.

---

सोनटक्का
अण्णा, तुम्हाला दंडवत.

आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून दिल्ली-श्रीनगर-दिल्ली. काही दिवशी दोनदा. शेऱ्यात एका ठिकाणी 'ट्रूप्स', एका ठिकाणी 'वूंडेड'. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू. घरात कुणालाही, अक्षरशः कुणालाही, माहीत नव्हतं. काका पाच मिनिटं बोलले नाहीत, जो विक्रम आहे.

पण खरी गोष्ट पुढे. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, थांब, दिवाळी कधी होती त्या साली? शोधलं. १२ नोव्हेंबर. आजी-आजोबांचं लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं. म्हणजे तो दिवाळसण.

आजी आयुष्यभर एक टोमणा मारायची : "आमच्या दिवाळसणाला सगळे होते, जावई तेवढे नव्हते." आजोबा वर्तमानपत्र वर धरायचे. आम्हाला वाटायचं काहीतरी मानपानाचं बिनसलं असेल, पणजोबांनी अंगठी दिली नसेल वगैरे. आजीला कारण माहीत होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आत्या म्हणते, माहीत असणारच, म्हणूनच ती कधी रागावून म्हणाली नाही, नेहमी चारचौघांत आणि थोडं मिरवून म्हणायची.

---

मृदगंधा
मला आत्यांचं पटत नाही. माहीत नसणं जास्त शक्य आहे. त्या काळात नव्या सुनेला कोण सांगत बसतंय? 'कामावर गेलेत' एवढंच.

---

छावणीतली_मुलगी
माहीत होतं. माझी आई अजूनही वडिलांनी न सांगितलेल्या मोहिमांच्या तारखा सांगते. सांगायला लागत नाही.

---

तिखटमीठ
आजींचं स्वतःचं काही लिहिलेलं नाही का? पत्रं, वही?

---

सोनटक्का
पत्रं नाहीत. हिशेबाच्या वह्या आहेत, पन्नाशीच्या दशकातल्या. वाणी, धोबी, शाळेची फी. त्यात काही दिवशी दूध अर्धा शेर जास्त. कशाला ते कळेना. मग लॉगबुक शेजारी ठेवलं : आजोबा सकाळी नागपूरहून परतायचे त्या दिवशी दूध जास्त. झोपण्याआधी पेलाभर दूध प्यायचे ते. एका आठवड्यात मात्र लॉगबुकात नागपूरचं उड्डाण आहे आणि दूध वाढलेलं नाही.

---

खवचट
आता आला धागा रंगात.

---

विंगको_निवृत्त
खवचटराव, आवरा. सोनटक्का, परतीचं उड्डाण कुठल्या तारखेला आहे ते बघा.

---

सोनटक्का
एक दिवस उशिरा. शेरा : 'वेदर'. म्हणजे नागपुरात अडकले होते. आणि दूध बरोबर दुसऱ्या दिवशी वाढलंय.

---

नागपुरी_तडका
अडकले म्हणे! सासुरवाडीत जावई अडकला म्हणजे पाहुणचार झाला असन जोरात. डीसीओ लिहायला पाहिजे होतं.

---

अभ्यासू_अण्णा
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? जो बोलला नाही त्याच्याबद्दल किती लिहावं, हे सोनटक्का यांनी विचारलं होतं.

माझं मत : वहीत आहे ते लिहावं. ती त्यांनी स्वतः लिहिली, दर महिन्याला बेरीज मारली आणि आयुष्यभर जपली. गुप्त ठेवायची असती तर कधीच बंबात गेली असती. त्यांच्या मनात काय होतं, ते रंगवू नये.

---

मृदगंधा
अण्णांशी सहमत, थोडी भर. आठवणी ज्याच्या त्याच्या नावाने छापा. 'आत्या सांगते', 'काका सांगतात'. सगळं एकाच आवाजात लिहिलं की काकांचे झीरोही खरे वाटायला लागतात. आणि ते 'मिसिंग'वालं पान जसंच्या तसं छापा, खाली एक ओळही लिहू नका.

---

कोल्ह्या
+१. आणि वीव्हर म्हणजे काय ते विंगकोंच्या शब्दांत घ्या, त्यांची हरकत नसेल तर.

---

विंगको_निवृत्त
हरकत नाही. स्क्वाड्रनचा आकडा मिळाला का?

---

सोनटक्का
मिळाला. पहिल्या वहीच्या शेवटी, कुठल्या तुकडीत कधीपासून कधीपर्यंत त्याचा तक्ता आहे. तुमचा अंदाज बरोबर, नंबर १. सहीचा फराटा अजून फराटाच आहे, पण काकांनी तो 'ए' पासून सुरू होतो असं ठरवून सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलंय.

पुस्तिका आता अशी ठरलीय : डाव्या पानावर लॉगबुक, उजव्या पानावर त्याच काळातलं घरचं जे मिळेल ते. हिशेब, फोटो, कुणाची आठवण. जिथे घरचं काही नाही तिथे उजवं पान कोरं. १९४४ ला बहुतेक कोरंच राहील. बाबा तयार झाले. म्हणाले, कोरी पानं जास्त असतील तर माझी हरकत नाही.

---

सोनटक्काचे_काका
नमस्कार. पुतणीने धागा दाखवला. सदस्यत्व घेऊन लिहीत आहे, टंकताना चुका होतील.

माझी बरीच चेष्टा झाली आहे, ती पोचली. वीरचक्राचं मी कुठे ऐकलं ते सांगतो. बाबांबरोबरचे एक गृहस्थ एकदा घरी आले होते. मी शाळेत होतो. ते म्हणाले, "तुझ्या बापाला चक्र मिळायला हवं होतं." मी 'हवं होतं' विसरलो असेन. कशासाठी मिळायला हवं होतं तेही त्यांनी सांगितलं होतं. ज्या दिवशी पुढचं विमान गेलं त्या दिवशी बाबा त्या जागेवर फिरत राहिले, पेट्रोल संपत आलं तरी. वैमानिक छत्रीने उतरलेला दिसतोय का ते बघत. दुसऱ्या दिवशीचं उड्डाण त्यांनी मागून घेतलं, त्याच जागेचं. त्या गृहस्थांना बाबांनी मध्येच थांबवलं आणि मला दुकानात पाठवलं, सुपारी आणायला. घरात कुणीही सुपारी खात नव्हतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण मला तीन विमानं पाडलेली जास्त आवडायची. शाळेत सांगायला तीच बरी होती.

सोनटक्का, हे माझ्या नावाने छाप. डावी-उजवी पानं ठीक आहेत. मुखपृष्ठावर विमान हवंच, त्यावर तडजोड नाही.

---

छावणीतली_मुलगी
काका, लिहिलंत ते बरं केलंत.

---

अभ्यासू_अण्णा
काका, नमस्कार. मुखपृष्ठावर हरिकेनच घ्या मात्र. बाजारात स्पिटफायरची चित्रं हरिकेन म्हणून खपवतात. हरिकेनची पाठ मागे कुबडासारखी उंच असते, ते बघून घ्या.

---

खवचट
काका, चेष्टेबद्दल माफी. एकच शेवटचं विचारतो, तुमच्या नावाने छापायचंय म्हणून. ऑस्कर की झीरो?

---

सोनटक्काचे_काका
झीरो.